पुराव्यावाचून बॅज : कौशल्याच्या डिजिटल मान्यतेचा विचार

एखादे काम येणे आणि ते येते हे तिऱ्हाइताला पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गावगाड्यात काम देणारा आणि काम करणारा एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत, तेथे या दोहोंमधले अंतर फारसे जाणवत नसे, कारण गवंड्याच्या कसबाची साक्ष त्याने आधी उभ्या केलेल्या भिंती देत आणि सुताराच्या कसबाची साक्ष गावातली नांगर-पाभर देई. ही ओळख जातीने बांधलेली होती आणि जातीबाहेरच्या माणसाच्या हातातल्या कसबाला तीत जागा नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे. पुढे शहर, कारखाना आणि कार्यालय वाढले, अनोळखी माणसाने अनोळखी माणसाची निवड करण्याची वेळ आली, आणि त्या दोघांच्या मध्ये प्रमाणपत्र येऊन उभे राहिले. प्रमाणपत्राने जातीचे दार काही अंशी उघडले, पण त्याचबरोबर एक नवी अडचण निर्माण केली : तीन वर्षांच्या अभ्यासाचा सारांश एका ओळीत आणि एका श्रेणीत सांगताना त्या व्यक्तीला नेमके काय करता येते, हेच त्यातून गळून पडले. डिजिटल बॅज या साधनाचा विचार या गळतीच्या संदर्भात करावा लागतो.

डिजिटल बॅज म्हणजे विशिष्ट कौशल्य किंवा शिक्षण संपादन केल्याची नोंद वाहून नेणारे एक लहान चित्र. पडद्यावर ते छातीवर लावायच्या बिल्ल्यासारखे दिसते, परंतु त्याचे सत्त्व त्या चित्राच्या फाइलमध्ये भरलेल्या माहितीत असते : बॅज कोणी दिला, कोणाला दिला, कोणत्या तारखेस दिला, तो मिळण्यासाठी कोणते निकष पूर्ण करावे लागतात, त्याची मुदत कधी संपते, आणि धारकाने निकष पूर्ण केल्याचा पुरावा कोठे पाहता येईल. मूळ वस्तूविषयीच्या अशा माहितीला संगणकशास्त्रात मेटाडेटा म्हणतात, आणि ती पीएनजी किंवा एसव्हीजी प्रकारच्या चित्रात भरण्याच्या क्रियेला या क्षेत्रातील मंडळी ‘बेकिंग’ असे नाव देतात. धारकाचा ईमेल पत्ता उघडपणे न लिहिता, त्यावर गणिती प्रक्रिया करून तयार झालेली आणि उलट वाचता न येणारी अक्षरमालिका, म्हणजे हॅश, नोंदवण्याची सोयही त्यात आहे. त्यामुळे बॅज पाहणारा नोकरीदाता किंवा शिक्षणसंस्था त्यावर क्लिक करून प्रदात्याकडील मूळ नोंदीशी तो ताडून पाहू शकते, आणि कागदी प्रमाणपत्राच्या बाबतीत ज्या पडताळणीला महिनाभर पत्रव्यवहार लागतो ती काही क्षणांत होते.

या कल्पनेची वंशावळ जुनी आहे. बालवीर चळवळीत प्रथमोपचार, पोहणे, गाठी मारणे, स्वयंपाक अशा सुट्या कौशल्यांसाठी स्वतंत्र बिल्ले देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभीच रुजली, आणि अमेरिकेतील बॉय स्काउट्स संघटनेच्या १९११ च्या पुस्तिकेत असे ५७ बिल्ले होते. त्या बिल्ल्यांचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येकामागे काय करून दाखवायचे याची छापील यादी होती आणि ते जाणकाराच्या समोर करून दाखवावे लागे. डिजिटल बॅजची चळवळ मात्र २०१० च्या सुमारास आकाराला आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मोझिला प्रतिष्ठानाने बार्सिलोना येथे शिक्षण, स्वातंत्र्य आणि वेब या विषयावर मेळावा भरवला, आणि शाळेबाहेर, इंटरनेटवर, ग्रंथालयात, कार्यशाळेत जे शिक्षण घडते त्याची दखल कशी घ्यावी या प्रश्नावर तेथे या कल्पनेची चर्चा झाली. १५ सप्टेंबर २०११ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकेचे तत्कालीन शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांच्या उपस्थितीत मॅकआर्थर प्रतिष्ठान, मोझिला आणि हेस्टॅक या संस्थांनी आजीवन शिक्षणासाठीच्या बॅजची २० लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०१३ मध्ये ‘ओपन बॅजेस’ या तांत्रिक मानकाची पहिली आवृत्ती आली, आणि त्याच उन्हाळ्यात शिकागो शहरातील ग्रंथालये, संग्रहालये आणि उद्यानविभाग यांनी सुटीत मुलांनी शिकलेल्या गोष्टींसाठी बॅज देऊन या कल्पनेचा शहरव्यापी प्रयोग केला. १ जानेवारी २०१७ पासून मानकाची जबाबदारी आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे गेली. ती आज वनएडटेक या नावाने ओळखली जाते आणि मानकाची तिसरी आवृत्ती तिने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. मानक खुले आहे, म्हणजे ते वापरण्यासाठी कोणाचीही परवानगी किंवा शुल्क लागत नाही, आणि विद्यापीठापासून बचत गटापर्यंत कोणीही बॅज देऊ शकतो. या खुलेपणातच या साधनाचे सामर्थ्य आहे आणि त्याचा धोकाही.

महाराष्ट्राला सुट्या कौशल्याची मान्यता नवी नाही, किंबहुना या बाबतीत येथील परंपरा समृद्ध आहे, आणि डिजिटल बॅजविषयी बोलताना परदेशी उदाहरणांकडे धावण्याआधी तिच्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाणारी टंकलेखनाची शासकीय परीक्षा हे तिचे स्वच्छ उदाहरण आहे. त्या प्रमाणपत्रावर मराठी ३० शब्द प्रति मिनिट किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट असे लिहिलेले असते, आणि ते वाचणाऱ्या कार्यालयाला उमेदवाराच्या हाताला किती गती आहे हे दुसरे काहीही न विचारता कळते. एकच कौशल्य, त्याचे माप, मोजणारी संस्था आणि दिनांक एवढ्या चार गोष्टींत ते प्रमाणपत्र पूर्ण होते. राज्यातील लक्षावधी तरुणांना, विशेषतः पदवीपर्यंत न पोहोचलेल्या मुलींना, या एका कागदाने नोकरीचे दार उघडून दिले. संगीतातही हेच दिसते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने १९३१ मध्ये उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची शिडी गावोगाव नेली. घराण्याच्या उंबऱ्याआत मिळणारी विद्या त्यामुळे मध्यमवर्गीय घरातील मुलामुलींना खुली झाली, आणि ‘विशारद’ या शब्दाने गायकाची किमान तयारी किती असावी याचा एक सर्वमान्य अंदाज समाजाला मिळाला. या परीक्षांत परीक्षकासमोर गावे किंवा वाजवावे लागते, आणि वरच्या पायऱ्यांवर मंचप्रदर्शनही असते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा आणि २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने चालवलेला एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम यांचीही गणना याच परंपरेत करावी लागेल.

या परंपरेतील यशस्वी प्रमाणपत्रांमध्ये एक धागा समान आहे : धारकाने कोणाच्या तरी डोळ्यांदेखत काहीतरी करून दाखवलेले असते. डिजिटल बॅजचा सर्व विचार याच कसोटीवर तपासला पाहिजे, आणि येथेच मानकातील एक बारीक तरतूद निर्णायक ठरते. ओपन बॅजेस मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार बॅजचे नाव, वर्णन, प्रदाता आणि निकष ही माहिती देणे बंधनकारक आहे, पुरावा जोडणे मात्र ऐच्छिक आहे. तिसऱ्या आवृत्तीतही पुराव्याचे स्थान ऐच्छिकच राहिले आहे. मानक रचणाऱ्यांपाशी यासाठी कारणे होती. काही परीक्षांच्या उत्तरपत्रिका उघड करता येत नाहीत, काही पुराव्यांत रुग्णाचे किंवा ग्राहकाचे खासगी तपशील असतात, आणि पुरावा सक्तीचा केला असता लहान संस्था या वाटेलाच आल्या नसत्या. ही कारणे खरी असली तरी परिणाम व्हायचा तो झाला. जी गोष्ट ऐच्छिक असते आणि जिला श्रम पडतात ती वगळली जाते, त्यामुळे पुष्कळ बॅजमध्ये निकषाच्या जागी अभ्यासक्रम पूर्ण केला एवढे एक वाक्य असते आणि पुराव्याची जागा रिकामी असते. अशा बॅजची तांत्रिक पडताळणी निर्दोष होते, म्हणजे तो अमुक संस्थेने अमुक व्यक्तीला दिला हे निःसंशय सिद्ध होते, पण त्या व्यक्तीला काय येते हे सिद्ध होत नाही. पडताळणी आणि प्रमाण या दोहोंत गल्लत करणे हा या क्षेत्रातील सर्वांत गंभीर दोष आहे, कारण गणिती स्वाक्षरीच्या बळामुळे पोकळ दाव्यालाही विश्वासार्हतेचे रूप येते.

याउलट पुरावा जोडलेला बॅज काय करू शकतो हे गवंडीकामाच्या उदाहरणावरून सांगता येईल. ‘गवंडी, स्तर अमुक’ या शब्दांनी ठेकेदाराला फारसे काही कळत नाही. परंतु ओळंबा धरून तपासलेल्या भिंतीचे छायाचित्र, कोपऱ्याचा काटकोन मापल्याची नोंद, गिलाव्याची जाडी, आणि ज्या मुकादमाने वा अभियंत्याने ते काम पाहिले त्याचा चार ओळींचा अभिप्राय एवढे त्या बॅजला जोडलेले असले, तर जालन्याच्या गवंड्याचे काम पुण्यातला अनोळखी ठेकेदार भिंतीसमोर उभा राहिल्याप्रमाणे पाहू शकतो. गावगाड्यातली भिंतीची साक्ष अनोळखी माणसांच्या बाजारात, आणि जातीचे बंधन वजा करून, परत आणण्याची ही शक्यता आहे, आणि डिजिटल बॅजविषयी आस्था बाळगण्याचे तेच सर्वांत सबळ कारण आहे. जेथे चुकीने जीव जाऊ शकतो तेथे, उदाहरणार्थ विजेच्या कामात, परवाना मंडळाच्या परवान्याची जागा बॅजने घेऊ नये हेही लगेच स्पष्ट केले पाहिजे.

या आस्थेपुढे दोन आक्षेप उभे राहतात आणि दोन्हींना बळ आहे. पहिला आक्षेप प्रमाणपत्रांच्या फुगवट्याचा. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द डिप्लोमा डिसीज’ या ग्रंथात जपान, श्रीलंका, केनिया आणि इंग्लंड यांची तुलना करून असे दाखवले, की जो देश आधुनिक विकासाच्या वाटेवर जितका उशिरा येतो तितके तेथील शालेय शिक्षण पात्रतेचा कागद मिळवण्याच्या धडपडीत अधिक अडकते. एका जागेसाठी अर्ज करणारे वाढले की किमान पात्रता वाढवली जाते, ती पात्रता मिळवणारेही मग वाढतात, आणि काम तेच राहून कागदाची उंची वाढत जाते. शिपायाच्या जागेसाठी पदवीधरांचे आणि पदव्युत्तरांचे अर्ज येणाऱ्या समाजाला हे निदान समजावून सांगावे लागत नाही. पदवीला पर्याय म्हणून आलेला बॅज पदवीवरचा आणखी एक थर झाला, तर ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि इंटरनेट आहे तोच पुन्हा पुढे जाईल आणि डोर यांचे निदान एका पायरीने अधिक खरे ठरेल. मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी २०१५ नंतर आपल्या अभ्यासक्रमांसाठी दिलेल्या बॅजचा ओघ आधीच पदवीधर असलेल्यांच्या व्यावसायिक ओळखपानांकडेही वाहिला आहे, ही गोष्ट या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

दुसरा आक्षेप शिकण्याच्या ओढीशी संबंधित आहे आणि तो अधिक खोल जातो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ५१ मुलांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. चित्रे काढायची मुळात आवड असलेल्या या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगण्यात आले, काहींना ते अनपेक्षितपणे देण्यात आले, आणि काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी खेळण्याच्या मोकळ्या वेळात पाहिले असता, बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेली मुले इतर दोन गटांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमताना आढळली. अनपेक्षित बक्षिसाने मात्र आवड घटली नव्हती. आमिष म्हणून पुढे धरलेला बिल्ला आणि झालेल्या कामाची दखल म्हणून आलेला बिल्ला यांचे परिणाम किती भिन्न असतात, हे या जुन्या प्रयोगाइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. अॅश्टन अँडरसन, जॉन क्लाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या आज्ञावलीकारांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचा अभ्यास केला, तेव्हा बॅज जवळ येऊ लागला की सदस्यांची त्या प्रकारची कामे वाढतात आणि तो हाती पडताच ओसरतात असे त्यांना दिसले. ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या आज्ञावली-भाषेचे जनक मिचेल रेस्निक यांनीही बॅजची लाट चढत असतानाच, २०१२ मध्ये, याच कारणासाठी जाहीर शंका व्यक्त केली होती. यातून निघणारा निष्कर्ष असा, की लहान मुलांच्या शिक्षणात बॅजचा वापर अत्यंत संयमाने व्हावा आणि जेथे मूल स्वतःहून रमले आहे तेथे तो होऊच नये. प्रौढ कारागिराची गोष्ट वेगळी आहे. त्याला कामाची गोडी लावण्याचा प्रश्न नसतो, त्याच्या कामाला रास्त दाम मिळण्याचा प्रश्न असतो.

टिकाऊपणाचा प्रश्न थोडक्यात सांगता येईल. बॅजची मूळ नोंद प्रदात्याच्या संकेतस्थळावर असेल, तर ते संकेतस्थळ बंद पडताच बॅजची पडताळणीही बंद पडते, आणि शासकीय वा निमशासकीय प्रकल्पांची संकेतस्थळे निधी संपला की कशी नाहीशी होतात हे सर्वांना ठाऊक आहे. खुद्द मोझिलाने धारकांचे बॅज साठवणारी आपली ‘बॅकपॅक’ ही सेवा चालू ठेवली नाही आणि २०१८ मध्ये ते काम बॅजर या दुसऱ्या सेवेकडे सोपवण्याचे ठरवले. स्वाक्षरी बॅजमध्येच समाविष्ट करण्याची सोय मानकात असल्याने ही अडचण पुष्कळ कमी होऊ शकते.

भारतात या साधनासाठी चौकट तयार झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम अधिसूचित केले. श्रेयांक म्हणजे शिकण्याच्या तासांचे मोजमाप, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात ३० तासांना एक श्रेयांक, असे त्याचे प्रमाण आहे. शाळा, उच्च शिक्षण आणि व्यवसाय-प्रशिक्षण यांतील श्रेयांक एकाच खात्यात जमा व्हावेत, अनुभवातून मिळवलेल्या कौशल्यालाही श्रेयांक मिळावेत, आणि मूल्यमापनाशिवाय श्रेयांक देऊ नयेत, अशी त्या आराखड्याची भूमिका आहे. यातील शेवटची अट मोलाची आहे, कारण तास बसून काढले म्हणजे कौशल्य आले असे होत नाही, हे ती मान्य करते.

परंतु या चौकटीचा लाभ आधी कोणाला मिळावा याचे उत्तर आकडेच देतात. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेले आहे, आणि आणखी १६.६ टक्के तरुण अनौपचारिक मार्गाने, म्हणजे वडिलांच्या हाताखाली, गॅरेजमध्ये, शिलाईच्या दुकानात किंवा काम करता करता शिकलेले आहेत. ज्यांच्याकडे कागद आहे त्यांच्याहून, ज्यांच्याकडे कसब आहे पण कागद नाही अशांची संख्या जवळजवळ चौपट आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद याच वर्गासाठी आहे, आणि अल्पकाळाच्या परिचयवर्गानंतर चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणे हे तिचे स्वरूप आहे. तिची उणीव तीच आहे जी वर सांगितली : चाचणीत त्या व्यक्तीने काय करून दाखवले हे प्रमाणपत्र वाचणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे ठेकेदार प्रमाणपत्र बाजूला ठेवून पूर्वीप्रमाणेच एक दिवस काम करून दाखवायला सांगतो. चाचणीच्या वेळचे काम पुरावा म्हणून जोडले गेले तर हा अनुभव बदलू शकेल.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतील. पुराव्यात चेहरा, पत्ता, ग्राहकाचे घर अशा गोष्टी येतात, तेव्हा काय उघड ठेवायचे याचा निर्णय धारकाच्या हाती असला पाहिजे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, याचे भान प्रत्येक शाळेने ठेवले पाहिजे. दुसरे पथ्य भाषेचे. बॅजचे निकष ज्या भाषेत लिहिले जातात ती भाषा शिंपीकाम करणाऱ्या किंवा आशा सेविका म्हणून काम करणाऱ्या स्त्रीला वाचता आली नाही, तर आपल्याला कशाबद्दल मान्यता मिळाली हे तिला स्वतःलाच कळणार नाही आणि चुकीच्या मूल्यमापनाला ती हरकतही घेऊ शकणार नाही. बॅजमधील मजकूर कोणत्याही भाषेत नोंदवण्याची सोय मानकात आहे, त्यामुळे मराठी निकष न लिहिण्याला तांत्रिक सबब उरत नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठे, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखी प्रौढांना दार उघडे ठेवणारी संस्था, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कौशल्य-मंडळे यांना म्हणूनच एवढीच विनंती आहे, की मानकाने ऐच्छिक ठेवलेला पुरावा आपल्या नियमांत बंधनकारक करावा, निकष मराठीत प्रसिद्ध करावेत, नुसत्या उपस्थितीसाठी एकही बॅज देऊ नये, आणि पहिला बॅज देताना तो अशा माणसाला द्यावा ज्याच्या हातात वीस वर्षांचे कसब आहे आणि ज्याच्या घरात आजवर एकही प्रमाणपत्र आलेले नाही.